वाइंडिंग मशीनची मोटर: वेगाच्या नोंदी

७ जून २०२५

मामांकडच्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला आहे. आत ईएल८४ ही आउटपुट व्हॉल्व्ह आहे. तिच्या प्लेटला साधारण ५.२ किलोओहमचा लोड लागतो आणि स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे टर्न रेशो (प्रायमरी आणि सेकंडरीच्या वेढ्यांचं प्रमाण, ५२०० भागिले ४ चं वर्गमूळ) ३६ येतो. प्रायमरीला ३८ गेज तारेचे २८०० टर्न धरले आहेत. ३८ गेज म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर. एवढी बारीक तार हातानं गुंडाळताना ताण सारखा राहत नाही आणि मोजणीही सुटते, म्हणून आधी छोटं वाइंडिंग मशीन करायला घेतलं. या नोंदी त्या मशीनच्या मोटरच्या आहेत.

मोटर १२ व्होल्टची, गिअरबॉक्सवाली, शाफ्टवर ३०० आरपीएम. अ‍ॅडाप्टर १२ व्होल्ट २ अँपिअर. वेग कमी-जास्त करायला ५५५ टायमर आयसीचं नेहमीचं पीडब्ल्यूएम सर्किट (सप्लाय भराभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज बदलणारं): १०० किलोओहमचा पॉट (नॉबचा रेझिस्टर), कपॅसिटर भरण्या-रिकामा होण्याच्या वाटा वेगळ्या करायला दोन १एन४१४८ डायोड, टायमिंगला १०३ नंबरचा कपॅसिटर, पुढे आयआरएफझेड४४एन मॉस्फेट, मोटरवर उलटा लावलेला १एन४००७ डायोड. फ्रिक्वेन्सी हिशेबानं १.४ किलोहर्ट्झच्या आसपास.

चालू केल्यावर जे दिसलं ते तसंच लिहून ठेवते. नॉब पूर्ण फिरवला की मोटर छान पळते. थोडा मागे घेतला की वेग हळूहळू उतरत नाही, एकदम पडतो. आणखी मागे घेतला की मोटर नुसती कुंई करत उभी राहते. शाफ्टला बोटानं ढकललं तर निघते, आणि निघताना झटका देते. नॉब पुढे ठेवून स्विच दाबला तर वेगळंच: एक हिसका, थांबली, पुन्हा हिसका, पुन्हा थांबली. अ‍ॅडाप्टरचा दिवाही त्याच तालात उघडझाप करतो.

तार अजून लावलेली नाही. असल्या मोटरला ३८ गेज लावण्यात अर्थ नाही.

८ जून

तक्रारी एकाच वेळी दिसल्या म्हणून कारण एकच असेल असं नाही. सोप्या दोन आधी बाजूला केल्या.

पॉटच्या पाठीवर ए१००के छापलंय. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. नॉब बरोबर मध्ये ठेवून मीटर लावला तर एका बाजूला १४ किलोओहम, दुसऱ्या बाजूला ८५. आवाजाच्या कंट्रोलला हे योग्य, इथे नाही. बी१००के लावला आणि वेग नॉबबरोबर चालायला लागला.

हिसक्यांचं कारण अ‍ॅडाप्टरमध्ये सापडलं. मोटरच्या दोन टोकांत मीटर लावून शाफ्ट हातानं हळू फिरवला. ब्रश जागा बदलतात तसं रीडिंग हलतं. त्यातलं सगळ्यात कमी धरलं आणि मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा केला: २.५ ओहम. उभी मोटर म्हणजे नुसता २.५ ओहमचा रेझिस्टर, १२ व्होल्टला ४.८ अँपिअर ओढणारा. २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. खात्रीसाठी यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी लावली, मोटर पहिल्या फटक्यात सुटली.

मोठा अ‍ॅडाप्टर मात्र घेणार नाही. ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांतून ४-५ अँपिअर जाऊ द्यायचे नाहीत, आणि मोटर इतक्या जोरात सुटायलाच नको आहे.

१३ जून

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे तार घ्यायला गेले. त्यांच्याकडे पंख्याची वाइंडिंग चालू होती, हातानं फिरवायचं मशीन, बाजूला टर्नचा काउंटर. मी विचारलं, ३८ गेजला किती स्पीड ठेवायचा? ते म्हणाले, "अगं, स्पीडनं नाही तुटत तार. झटक्यानं तुटते. सुरू करताना आणि थांबताना बघ."

मग त्यांनी रीळ टेबलावर आडवं ठेवून तार ओढून दाखवली आणि म्हणाले, रीळ फिरवून तार काढू नकोस, रीळ उभं करून वरून सोड. रीळ फिरलं तर त्याचं वजन तारेवर येतं. वरून सोडली तर येत नाही. मशीन थांबलं तरी फिरतं रीळ थांबत नाही, हा प्रश्नही त्यात मिटतो. मोटरच्या सर्किटइतकीच ही गोष्ट महत्त्वाची, म्हणून इथे लिहिली.

या बोलण्यानं कामाची दिशा पक्की झाली. आजवर मी 'कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती' एवढंच बघत होते. खरी गरज वेगळी आहे: मोटर शून्यातून हळू निघाली पाहिजे, आणि ताण बदलला तरी वेग तोच राहिला पाहिजे.

१५ जून

काल आणि आज फक्त मोजमाप. ऑसिलोस्कोप नाही, पण साधा मीटर डीसीवर ठेवून मोटरच्या टोकांना लावला की सरासरी व्होल्टेज दाखवतो, आणि या कामाला ते पुरतं. वेगासाठी शाफ्टवर पांढरी पट्टी चिकटवून मोबाइलच्या स्लो-मोशनवर फेरे मोजले.

पूर्ण १२ व्होल्टला रिकामी मोटर ०.३ अँपिअर घेते आणि ३०० आरपीएम फिरते. ०.३ अँपिअर गुणिले २.५ ओहम म्हणजे ०.७५ व्होल्ट वाइंडिंगमध्येच जातात. उरलेले ११.२५ व्होल्ट हा मोटरनं स्वतः फिरताना तयार केलेला उलटा दाब, बॅक ईएमएफ. तो वेगाच्या प्रमाणात असतो, तेव्हा प्रत्येक आरपीएममागे ०.०३७५ व्होल्ट. या एका आकड्यानं आठवडाभराचं कोडं सुटलं.

६ व्होल्टला रिकामी मोटर: ६ वजा ०.७५, भागिले ०.०३७५, म्हणजे १४० आरपीएम. प्रत्यक्षात १३६ मोजले. आता शाफ्टवर कापडाची पट्टी दाबून करंट १ अँपिअरवर आणला. मीटरवर व्होल्टेज ६ च्या ६. वेग मात्र हिशेबानं ९३ आणि मोजून ९० भरला. सर्किट आपलं काम चोख करतंय, व्होल्टेज जागचं हललेलं नाही, तरी वेग तिसऱ्या हिश्शानं पडला.

२ व्होल्टला तर रिकामी मोटरच ३३ आरपीएमला येते. तिथे ०.८ अँपिअरचा भार पडला की पूर्ण २ व्होल्ट वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्ये संपतात, फिरायला काही उरत नाही आणि मोटर थांबते. ती कुंई करत उभी राहायची ती यामुळे. गिअरबॉक्समधलं उभं घर्षण फिरत्या घर्षणापेक्षा जास्त असतं, म्हणून ढकलल्यावर निघायची आणि निघताना झटका द्यायची.

थोडक्यात, नॉब मोटरला व्होल्टेज देतो, वेग देत नाही. ५५५चा कपॅसिटर बदला, मॉस्फेट बदला, हे बदलणार नाही. टायमिंगला १०४ (१०३च्या दहापट) लावून फ्रिक्वेन्सी १४० हर्ट्झवर आणून पाहिली. तेव्हा मोटर थोड्या कमी ड्यूटीला (सप्लाय चालू असण्याचा हिस्सा) सुटते, कारण प्रत्येक पल्स तिला हलवून सोडतो. पण बॉबिनवर हात ठेवला की तो थरथरताना जाणवतो. हा थरथराट तारेत नको.

वेग टिकवायचा तर तो सतत मोजत राहावा लागेल. उद्यापासून ५५५ बाजूला. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी आखलेली ही आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि आजही काही रुपयांत मिळते. ज्याला फक्त छोटा डीसी पंखा हळू करायचा आहे त्यानं तीच वापरावी.

२१ जून

तपकीर गल्लीतून स्लॉट सेन्सरचं मॉड्यूल (मधून खाच गेली की पल्स देणारं) आणि २० खाचांची चकती आणली. आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घरात होताच.

आज फक्त मोटर उनोवर घेतली, सेन्सर नंतर. पिन ९ वर अ‍ॅनालॉगराइट (पीडब्ल्यूएमची आज्ञा) दिलं की ४९० हर्ट्झ मिळतात आणि मोटर अखंड गुणगुणते. घरच्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. टायमर १ चा प्रीस्केलर (घड्याळाचा भाजक) १ केला की फ्रिक्वेन्सी ३१.३७ किलोहर्ट्झ होते, कानाच्या पलीकडे. पिन ९ मुद्दाम निवडली आहे: ५ आणि ६ टायमर ० वर असतात, आणि त्याला हात लावला की मिलिस, मायक्रोस, डिले या वेळेच्या सगळ्या फंक्शनचं घड्याळ बिघडतं. वेग मोजायला मायक्रोस लागणार आहे.

आवाज गेला, पण पाच मिनिटांत मॉस्फेटला बोट लावता येईना. ४९० हर्ट्झला तो गार होता.

मोटर १ अँपिअरसुद्धा घेत नाही आणि हा मॉस्फेट ४९ अँपिअरचा म्हणून विकला जातो. मग तापतो का? डेटाशीटमधला १७.५ मिलिओहम (चालू असतानाचा रेझिस्टन्स) हा आकडा गेटला, म्हणजे मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या पायाला, १० व्होल्ट असतानाचा आहे. उनोची पिन ५ देते. आणि गेट म्हणजे एक कपॅसिटरच, त्याला पूर्ण भरायला ६३ नॅनोकुलोंबपर्यंत चार्ज लागतो. पिनपुढे मी २२० ओहम ठेवला आहे, म्हणजे करंट फार तर २३ मिलिअँपिअर, तोही गेट भरेल तसा कमी होणारा. उघडायला दोन-तीन मायक्रोसेकंद, मिटायला तेवढेच. या मधल्या वेळात मॉस्फेट ना धड बंद, ना धड चालू, आणि सगळी उष्णता तिथेच. ४९० हर्ट्झला एक आवर्तन २ मिलिसेकंदांचं, त्यात हे विरून जातं. ३१ किलोहर्ट्झला आख्खं आवर्तनच ३२ मायक्रोसेकंदांचं आहे.

२२ जून

गेटसाठी टीसी४४२७ ड्रायव्हर घातला, त्याला १२ व्होल्ट सप्लाय. तो गेटला १.५ अँपिअरपर्यंत ढकलतो, आणि १२ व्होल्टपर्यंत. ड्रायव्हरच्या इनपुटला ग्राउंडकडे १० किलोओहम, कारण उनो रिसेट होताना पिन क्षणभर कुणाच्याच ताब्यात नसते आणि मोटर आपोआप गरकन फिरायची. बॉबिनमध्ये बोट असताना हे झालं तर?

उष्णता अर्ध्यावर आली, गेली नाही. उरलेली डायोडची निघाली. १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या मेन्ससाठीचा डायोड. बंद व्हायला त्याला वेळ लागतो, आणि तोवर मॉस्फेट उघडला की काही क्षण सप्लाय सरळ त्या दोघांतून वाहतो. जागी १एन५८२२ शॉटकी लावला. आता अर्ध्या तासानंतरही मॉस्फेट कोमट. हीटसिंकची गरज नाही.

सगळं ब्रेडबोर्डवरून झिरो पीसीबीवर उतरवलं. मॉस्फेटशेजारी १००० मायक्रोफॅरड.

२८ जून

चकती शाफ्टवर, सेन्सर पिन २ वर, इंटरप्ट चालू. स्क्रीनवर वेगाचा आकडा: ४१० आरपीएम. ही मोटर ३०० च्या वर जाऊच शकत नाही.

मोटरची वायर काढून शाफ्ट हातानं एक फेरा फिरवला: बरोबर २०. पुन्हा, २०. तेव्हा सेन्सर आणि कोड ठीक. मोटर चालू केली की जादा पल्स येतात. ड्यूटी १०० टक्के ठेवली, म्हणजे मॉस्फेट नुसता चालू, उघडझाप नाही, तरी थोडे जादा आलेच. ते ब्रशच्या ठिणग्यांचे. ड्यूटी ५० टक्क्यांवर आणली की खूप जादा. ते ड्रायव्हरनं धारदार केलेल्या कडांचे. गेल्या रविवारी मॉस्फेट गार करायला जे केलं, त्याचंच हे दुसरं टोक.

उपाय एकेक करून लावले आणि प्रत्येकानंतर आकडा पाहिला, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं. मोटरच्या दोन टोकांत एक १०४ आणि प्रत्येक टोकापासून बॉडीला एकेक १०४, थेट मोटरवर सोल्डर केलेले: ब्रशचे पल्स गेले. ड्रायव्हर आणि गेटमधला रेझिस्टर १० वरून ४७ ओहम: ५० टक्क्यांवरचे जादा पल्स बरेच घटले, मॉस्फेट कोमटच. सेन्सरची ग्राउंड वायर मोटरच्या ग्राउंडवरून जात होती, ती सोडवून सरळ उनोवर नेली: सगळ्यात मोठा फरक इथे पडला. मोटरचा करंट ज्या वायरमधून जातो तिच्यावर सेन्सरनं आपला शून्य ठरवायचा नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ४१० चे ३०४ झालेले बघणं वेगळं.

शेवटचे चार-पाच चुकार पल्स कोडमध्ये अडवले. ३०० आरपीएमला दोन खाचांमध्ये १० मिलिसेकंद जातात, म्हणून २ मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स धरायचाच नाही. आता २९८ ते ३०१.

२९ जून

दर १०० मिलिसेकंदांत किती पल्स आले यावरून वेग काढणं वरच्या टोकाला चालतं. ३० आरपीएमला सेकंदाला १० पल्स, म्हणजे १०० मिलिसेकंदांत एखादा. आकडा शून्य-तीस-साठ असा उड्या मारतो. म्हणून पल्स मोजणं सोडून दोन पल्समधला वेळ मायक्रोसमध्ये मोजला आणि शेवटच्या चारांची सरासरी घेतली. ३० ला आता २९ ते ३१ दिसतं.

एक अडचण राहते. मोटर अडकून थांबली तर नवा पल्स येतच नाही, आणि कोड जुन्याच वेळेवरून 'सगळं ठीक' म्हणत राहतो. ३०० मिलिसेकंद पल्स नाही तर वेग शून्य धरायचा.

६ जुलै

आषाढी. सकाळी खिचडी खाऊन बसले ती दुपारपर्यंत उठले नाही.

कंट्रोल असा केला. आधी अंदाज: १०० आरपीएम हवे असतील तर १०० गुणिले ०.०३७५, अधिक ०.७५, म्हणजे ४.५ व्होल्ट, म्हणजे ड्यूटी ३७.५ टक्के. १५ जूनचं मोजमाप इथे कामी आलं. या अंदाजावर राहिलेल्या फरकाची दुरुस्ती: एक भाग फरकाच्या प्रमाणात, एक भाग साठत जाणाऱ्या फरकाच्या प्रमाणात. अंदाज न घालता नुसत्या दुरुस्तीवर सोडलं की मोटर वर-खाली हेलकावे खात ठरलेल्या वेगावर येते. अंदाजासह ती जवळजवळ सरळ येते, दुरुस्तीला थोडंच काम उरतं.

कापडाच्या पट्टीची परीक्षा पुन्हा घेतली. १०० वर ठेवून पट्टी दाबली, करंट १ अँपिअर. वेग ८८ ला गेला आणि अर्ध्या सेकंदात १०० वर आला. मीटरवर व्होल्टेज ४.५ वरून ६.२ वर चढलेलं दिसलं. हेच हवं होतं. पट्टी दाबत-सोडत बराच वेळ तेच बघत बसले.

मग बॉबिन हातानं पूर्ण धरून ठेवून सोडला, आणि तो २४० वर उसळला. धरलेल्या वेळात फरक साठत राहतो आणि सुटल्यावर सगळा एकदम बाहेर येतो. तार असती तर तुटलीच असती. साठणाऱ्या भागाला वरखाली मर्यादा घातली, आणि अर्धा सेकंद वेग शून्य राहिला तर मोटर बंद करून साठा पुसायचा. सुरुवातीला मात्र ही मुदत २ सेकंद, नाहीतर निघण्याआधीच बंद पडते.

काकांच्या झटक्याचं उत्तर सगळ्यात साध्या ओळीत आहे: मशीनचं पायाचं पेडल दाबलं तरी अपेक्षित वेग सेकंदाला ६० आरपीएमपेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही, आणि तसाच उतरवायचा. या चढावर करंट १.२ अँपिअरच्या पुढे गेला नाही. जुना २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर शांत.

१२ जुलै

रीळ उभं, तार वरून, मध्ये दोन लोकरी पट्ट्यांमधून हलका ताण. पहिले ५०० टर्न भंगार बॉबिनवर, १८० आरपीएमला. तुटली नाही. एकदा मुद्दाम पेडल एकदम सोडलं. तार सैल पडली नाही.

मग खरी प्रायमरी. १८० ला २८०० टर्न म्हणजे साडेपंधरा मिनिटं, पण प्रत्येक थरानंतर थांबून मिलिनेक्स (इन्सुलेशनचा) पेपर घालायचा, त्यामुळे सकाळ त्यात गेली. थर वाढतात तसा बॉबिन जड होतो, तार ओढणारा व्यास वाढतो. शेवटच्या थराला ड्यूटी पहिल्यापेक्षा ६ टक्के जास्त होती, वेग १७९ ते १८१. ५५५ असता तर मला नॉब धरून बसावं लागलं असतं.

प्रायमरीचा रेझिस्टन्स २९४ ओहम. एका टर्नची सरासरी लांबी ११ सेंटिमीटर, ३८ गेजला मीटरमागे ०.९४ ओहम, हिशेब २९० चा. सेकंडरी जाड तारेचे ७८ टर्न, हातानं.

ईएल८४ इथे एकटीच काम करते (सिंगल-एंडेड), प्रायमरीतून डीसी सतत वाहतो, म्हणून गाभ्याच्या लोखंडी पत्त्या एकाच बाजूनं भरल्या आणि मध्ये कागदाची फट ठेवली. प्रायमरीला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ९.४ व्होल्ट एसी दिलं, सेकंडरीला मीटरवर ०.२६. रेशो ३६. म्हणजे टर्नच्या मोजणीत मोठी चूक नाही.

वॉर्निश उद्या. पुढच्या ट्रान्सफॉर्मरसाठी चकती शाफ्टवरून काढून मोटरच्या मागच्या टोकाला लावून बघायची. गिअरमुळे तिथे पल्स कितीतरी पट जास्त मिळतील आणि १५ आरपीएमच्या खालचा वेगही पकडता येईल. २ मिलिसेकंदांची अट तेव्हा नव्यानं ठरवावी लागेल.